पिझ्झा हट ते एओएल : स्टीव्ह केस, आणि खाण्याच्या धंद्यातून 'टेक'मध्ये गेलेली मंडळी

सहकारनगरी (धागाकर्ता)

२०२५च्या ३० सप्टेंबरला एओएलने (म्हणजे अमेरिका ऑनलाइन या कंपनीने) फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडून देणारी आपली डायल-अप सेवा बंद केली. ऑफिसात (हिंजवडी, फेज दोन) ही बातमी सांगितली तर टीममधल्या अर्ध्या पोरांना एओएल म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं आणि उरलेल्यांना ती अजून चालू होती याचं नवल वाटलं. त्या निमित्ताने तिच्या संस्थापकांपैकी स्टीव्ह केस याच्याबद्दल बरंच वाचून काढलं. धागा काढायचं कारण एवढंच, की हा माणूस संगणकातून आलेला नाही. तो पिझ्झ्यावरच्या टॉपिंगमधून आला.

जन्म १९५८, होनोलुलू. विल्यम्स कॉलेजातून १९८० साली राज्यशास्त्राची पदवी. इंजिनिअर नाही, एमबीएही नाही. पहिली नोकरी सिनसिनाटीला, प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये, आणि तिथे काम केसांच्या कंडिशनरचं. (केसने केसांवर काम केलं, हा विनोद मीच उरकून घेतो. प्रतिसादात नको.) दोनेक वर्षांत तो कॅन्सस राज्यातल्या विचिटाला, पिझ्झा हटच्या मुख्यालयात गेला. हुद्दा होता नव्या पिझ्झ्यांच्या विभागाचा मॅनेजर. कंपनीच्या खर्चाने गावोगाव हिंडायचं, तिथले पिझ्झे खायचे आणि आपल्या मेनूवर काय चालेल ते कळवायचं. एवढ्या सुखाच्या नोकरीतून माणूस बाहेर कसा पडतो?

तर विचिटात त्याला संध्याकाळी करमेना. त्याने केप्रो कंपनीचा संगणक घेतला, मोडेम जोडला आणि 'द सोर्स' नावाच्या ऑनलाइन सेवेचा तो वर्गणीदार झाला. हे सगळं जुळवताना नाकी नऊ आले, पण एकदा जुळल्यावर विचिटातल्या खोलीत बसून देशभरातल्या अनोळखी लोकांशी बोलता येऊ लागलं. हे एवढं भारी आहे तर एवढं अवघड का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात तिथे शिरला तो पुढची वीस वर्षं निघाला नाही.

थोरला भाऊ डॅन गुंतवणूक क्षेत्रात होता. त्याच्या ओळखीने स्टीव्ह १९८३ साली कंट्रोल व्हिडिओ कॉर्पोरेशन या कंपनीत शिरला. ती फोनच्या तारेवरून अटारीच्या यंत्रात गेम उतरवून द्यायची. कल्पना काळाच्या पुढची होती, पण त्याच वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजारच कोसळला आणि कंपनी गाळात गेली. त्या गाळातून २४ मे १९८५ रोजी क्वांटम कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी राहिली. संस्थापक तीन: जिम किमझी, मार्क सेरिफ आणि केस. नोव्हेंबरात कमोडोर ६४ संगणकासाठी 'क्यू-लिंक' ही ऑनलाइन सेवा सुरू झाली. पुढे ॲपलसाठी तशीच सेवा बांधली, ॲपलने १९८९मध्ये हात काढून घेतला, आणि त्याच सेवेला 'अमेरिका ऑनलाइन' हे नाव मिळालं. १९९२ साली कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा ग्राहक होते दोन लाखांच्या आसपास. दहा वर्षांनी अडीच कोटी.

आता माझं मत. खाण्याच्या आणि साबण-शांपूच्या धंद्यातून त्याने सोबत आणलेली एकच गोष्ट पुढे कामी आली: आधी चव द्या, पैसे मग मागा. १९९३पासून तिथलं मार्केटिंग बघणाऱ्या जॅन ब्रँट या बाईंनी एओएलच्या डिस्क घरोघर फुकट पाठवायला सुरुवात केली. आधी फ्लॉपी, नंतर सीडी. टपालात, मासिकांत, विमानातल्या जेवणासोबत, अगदी टपालाने येणाऱ्या फ्रोझन स्टेकच्या खोक्यातसुद्धा. केसने नंतर हिशोब सांगितला आहे: एक ग्राहक सरासरी पंचवीसेक महिने टिकायचा आणि त्यातून सुमारे ३५० डॉलर यायचे, म्हणून तो मिळवायला ३५ डॉलर घालायला ते तयार होते. त्या वेळच्या संगणकवाल्यांना हा वेडेपणा वाटला असणार. शांपूचं पाऊच वर्तमानपत्राला चिकटवणाऱ्याला तो रोजचा हिशोब होता.

इथे खाद्य उद्योगातले बरेच जण आहेत. तुम्हाला काय वाटतं?

---

तिरकस_तीनहत्ती

पहिला! पुण्यात एओएल आलं असतं तर लोकांनी सीडी घेऊन 'घरी विचारून सांगतो' म्हटलं असतं आणि सीडी गॅलरीत कबुतरं हाकलायला टांगली असती.

---

रांजणगाव_शिफ्ट

धागा छान, पण शीर्षकाशी सहमत नाही. पिझ्झा चाखत हिंडणारा माणूस खाण्याच्या धंद्यातला कसा? तो मार्केटिंगवाला. धंदा स्वयंपाकघरात आणि प्लांटवर असतो. मी बावीस वर्षं प्लांटवर आहे, रोज वाघोलीच्या ट्रॅफिकमधून रांजणगावला जातो, त्यामुळे हा मुद्दा मला जरा लागतो.

आणि हा फरक नुसता शब्दांचा नाही, तो एओएलच्या इतिहासात दिसतो. डिसेंबर १९९६मध्ये त्यांनी तासाचे पैसे घेणं बंद करून महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये 'हवं तेवढं' योजना आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची सगळी यंत्रणा १९ तास बंद पडलेली होती. म्हणजे यंत्रणा नाजूक आहे हे कळायला निमित्त झालं होतं. तरी योजना आली. झालं काय? लोक एकदा जोडले गेले की लाइन सोडेनात. अनलिमिटेड थाळीला बसलेलं गिऱ्हाईक आणि बाहेर जिन्यापर्यंत रांग, अशी अवस्था. बाकीच्यांना नुसता एंगेज टोन. वेगवेगळ्या राज्यांचे महाधिवक्ते मागे लागले आणि जानेवारी १९९७मध्ये ग्राहकांना पैसे परत द्यायचं कबूल करावं लागलं.

आमच्याकडे याला म्हणतात, स्कीम लावली पण प्लांटला विचारलं नाही. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो (नाव नको) तिथे एका दिवाळीला 'एकावर एक' स्कीमची जाहिरात आम्ही पेपरात वाचली. तयार माल होता, पाकिटाच्या लॅमिनेटचे रोल नव्हते. छापून यायला पंधरवडा. स्टॉकिस्टचे फोन घ्यायला आम्ही, आणि 'सेल वाढवला' म्हणून बक्षीस मार्केटिंगला.

प्लांटवरचा माणूस असता तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता: जास्तीत जास्त लोड किती, आणि लाइन किती वेळ अडून राहते? टॉपिंग चाखणाऱ्याला तो प्रश्न सुचत नाही.

---

सहकारनगरी

@रांजणगाव_शिफ्ट, काका, मुद्दा तगडा आहे. पण तासाच्या पैशात अडकून राहिले असते तर दुसऱ्या कंपन्यांनी बाजार खाल्ला असता. इतरांनी ठरावीक महिन्याचे दर आधीच लावले होते. कधीकधी रांग लागू देणं हाच पर्याय उरतो.

---

रांजणगाव_शिफ्ट

रांग लागू द्यावी, मान्य. पण रांग लागणार हे आधी माहीत असावं.

---

मेतकूटवाली

मी सॅम्पलबद्दल बोलते, कारण तेवढंच मला कळतं. आमचा बचत गट मेतकूट, पूडचटणी, भाजणी करतो आणि डिसेंबरात भीमथडी जत्रेत स्टॉल लावतो. चव द्यायची असेल तर पदार्थ असा हवा की एका चमच्यात कळतो. मेतकूट नुसतं हातावर दिलं तर कुणालाच आवडत नाही. गरम मऊ भात आणि तूप हवंच. ते स्टॉलवर करायचं म्हणजे कुकर, गॅस, एक जास्तीची बाई. शेंगदाण्याची चटणी मात्र भाकरीच्या तुकड्यावर दिली की माणूस पाकीट उचलतो.

म्हणून मला डिस्कपेक्षा त्या केप्रोची गोष्ट महत्त्वाची वाटली. जोडायलाच नाकी नऊ येत असतील तर फुकट देऊन काय उपयोग? कोरडं मेतकूट. सहकारनगरी, तुमच्या वाचनात आलं का, की डिस्क घातल्यावर ते लगेच चालायचं? घरातल्या कुणाही माणसाला जमायचं?

---

सहकारनगरी

मेतकूटताई, नेमकं बोललात. हो, जोर त्याच्यावरच होता. डिस्क घालायची, चित्रांवर टिचकी मारायची, नंबर आपोआप फिरवला जायचा. आत आल्यावर माणसाच्या आवाजात स्वागत आणि टपाल आल्याची वर्दी. एल्वुड एडवर्ड्सचा तो आवाज १९८९पासून होता. जाणकार लोक एओएलला नवशिक्यांचं इंटरनेट म्हणून हिणवायचे, आणि कंपनी त्याच नवशिक्यांवर वाढली.

---

सीए_सदाशिव

डिस्कबद्दल सगळे कौतुकाने बोलताय, तर त्याची दुसरी बाजूही लिहितो, ती आमच्या खात्यातली आहे.

फुकट वाटलेल्या सॅम्पलचा खर्च त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा करायचा, हे साधं. एओएलने तसं केलं नाही. ग्राहक मिळवण्याचा हा खर्च त्यांनी ताळेबंदात मालमत्ता म्हणून धरला आणि पुढच्या काळात थोडा थोडा करून खर्ची टाकला. युक्तिवाद असा की ग्राहक दोन वर्षं टिकणार, तर खर्चही त्यावर पसरवू. कागदावर त्यामुळे तोट्याच्या तिमाह्या नफ्याच्या दिसल्या. १९९६च्या शरद ऋतूत त्यांनी ही पद्धत सोडली आणि ३८ कोटी ५० लाख डॉलर एकदम खर्ची टाकले. तेव्हापर्यंतचा सगळा जाहीर नफा त्यात वाहून गेला. पुढे २००० साली अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने याच प्रकरणात ३५ लाख डॉलर दंड घेतला.

धागाकर्त्याने दिलेला ३५ आणि ३५० डॉलरचा हिशोब चुकीचा नाही. पण 'ग्राहक पंचवीस महिने टिकतो' हे वाक्य सहा-आठ वर्षं धंदा चालवल्यावर बोलता येतं. नव्या धंद्यात तेच वाक्य अंदाज असतं, आणि अंदाजाला मालमत्ता म्हणता येत नाही. मेतकूटताई भीमथडीत वाटलेली चटणी पुढच्या वर्षीचा माल म्हणून वहीत लिहीत नसणार.

---

मेतकूटवाली

नाही हो, वाटली ती गेली. वहीत 'चव' म्हणून वेगळा रकानाच आहे.

---

तिरकस_तीनहत्ती

मेतकूटवालींना एओएलचं सीएफओ करा.

---

जुना_मॅक

यात जॉन स्कली कसा नाही? पेन्सिल्व्हेनियातल्या बॉटलिंग प्लांटपासून सुरुवात, १९७७ साली पेप्सी-कोलाचा अध्यक्ष, एप्रिल १९८३मध्ये ॲपलचा सीईओ. ('आयुष्यभर साखरेचं पाणीच विकणार का' हे जॉब्जने त्याला विचारलेलं वाक्य कृपया कुणी टाकू नका, सगळ्यांना पाठ आहे.) गंमत अशी की पिझ्झा हट १९७७पासून पेप्सिकोचीच. म्हणजे केस विचिटाला टॉपिंग चाखत होता तेव्हा त्याच घराण्याच्या थोरल्या दुकानात स्कली बसलेला. आणि ॲपलने ज्या सेवेतून अंग काढून घेतलं, जिच्यातून अमेरिका ऑनलाइन जन्मली, त्या वेळी ॲपलचा प्रमुख स्कलीच.

त्याच्या दहा वर्षांत ॲपलची विक्री सुमारे ८० कोटी डॉलरवरून ८ अब्जांपर्यंत गेली, हे लोक विसरतात. लक्षात राहतं ते फक्त १९८५मध्ये जॉब्ज बाहेर पडला ते. पण एक मान्य करतो. स्कली तयार ब्रँड चालवणारा. शीतपेयाच्या धंद्यात बाटलीतलं पेय बदलत नाही, जाहिरात बदलते. संगणकात बाटलीतलंच दर दीड वर्षाने बदलतं. न्यूटन हा हातात धरायचा संगणक १९९३मध्ये आला तो हस्ताक्षर धड वाचत नव्हता आणि तसाच बाजारात गेला. नंतर याच स्कलीने २०१४मध्ये भारतात ओबी नावाचे मोबाइल आणले. कुणी वापरलाय का? मी तरी कुणाच्या हातात पाहिला नाही.

---

रांजणगाव_शिफ्ट

हस्ताक्षर वाचत नसताना बाजारात गेला म्हणजे क्यूएने (गुणवत्ता तपासणाऱ्यांनी) होल्ड केलेला लॉट डिस्पॅच केला. आमच्याकडे नोकरी जाते.

---

भुसार_भवानीपेठ

मंडळी, तुम्ही सगळे खाण्यातून संगणकात गेलेल्या माणसांबद्दल बोलताय. खाण्याच्या धंद्याने संगणकवाल्यांना कामाला लावलं ते राहिलंच. बारकोड! अमेरिकेतल्या किराणा उद्योगाने १९७०च्या सुमारास समिती नेमली, अध्यक्ष हाइन्झ कंपनीचे बर्ट गुकिन. हाइन्झ म्हणजे केचपवाले. चिन्ह निवडायच्या समितीवर ॲलन हेबरमन, ते सुपरमार्केटच्या साखळीचे प्रमुख. वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापली चिन्हं मांडली, आयबीएमच्या जॉर्ज लॉररचं निवडलं गेलं. ३ एप्रिल १९७३ला निर्णय, २६ जून १९७४ला ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं.

केचपवाल्याने कंपनी काढली नाही, कोड लिहिला नाही. पण एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या किराणावाल्यांना एका टेबलाशी बसवून एकच चिन्ह ठरवून घेतलं. आमच्या पेठेत दोन दुकानदारांचं पोत्याच्या वजनावर एकमत होत नाही, म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं.

---

सहकारनगरी

भुसारशेठ, भारी माहिती. वेगळा धागा होईल यावर.

रांजणगावकाकांच्या पहिल्या आक्षेपाला माझ्याकडे थोडं उत्तर आहे. केस मार्केटिंगचा, मान्य. पण जिम किमझी कोण होता? लष्करातून आलेला, व्हिएतनाममध्ये लढलेला, आणि वॉशिंग्टनमध्ये बार आणि रेस्टॉरंट चालवणारा. पगार, भाडं, पुरवठादार, रात्रीचा गल्ला, सगळं अंगावर घेतलेला माणूस. बुडत्या कंपनीला सावरायला गुंतवणूकदारांनी त्याला आणलं. देणेकऱ्यांना थोपवून धरणं त्याला येत होतं, केसला नव्हतं. म्हणजे तिघांतले दोघे खाण्या-पिण्याच्या धंद्यातले, आणि तांत्रिक बाजू एकट्या सेरिफवर, जो अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, काळापासून या कामात होता.

आणि वाढ झाल्यावर काय झालं तेही सगळ्यांना माहीत आहे. १० जानेवारी २००० रोजी टाइम वॉर्नर ही बडी माध्यम कंपनी विकत घेण्याची घोषणा, दीडशे अब्ज डॉलरहून मोठा व्यवहार, आणि २००२ या एका वर्षाचा तोटा सुमारे ९९ अब्ज. २००३मध्ये केस अध्यक्षपदावरून उतरला. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी लांबवत नाही.

त्यानंतरचं मात्र कमी लोकांना ठाऊक असतं. २००५ साली त्याने रेव्होल्यूशन नावाची गुंतवणूक कंपनी काढली, आणि तिचे पैसे गेले त्यात सॅलडची दुकानं चालवणारी स्वीटग्रीनही आहे. हवाईत माउई लँड अँड पाइनॲपल या जुन्या अननसवाल्या कंपनीत त्याचा मोठा हिस्सा १९९९पासून. त्या कंपनीने २००९च्या अखेरीस अननस पिकवणंच बंद केलं. टेकमध्ये नाव काढलेल्या माणसाला अननस काही वाचवता आला नाही.

---

तिरकस_तीनहत्ती

पिझ्झ्यावर अननस घालणाऱ्यांना मिळालेली शिक्षा.

---

कोथरूडची_मधुरा

वाचनमात्र असते, आज लिहितेय कारण घरात हाच विषय आहे. नवरा खाद्यपदार्थांच्या कंपनीत वितरण बघतो, वय ४४. स्टॉकिस्टकडून परत येणारा एक्स्पायरीचा माल हे त्याचं रोजचं दुखणं. त्याला सॉफ्टवेअर काढायचंय: कुठल्या बॅचचा माल कुठल्या स्टॉकिस्टकडे किती दिवस पडलाय ते दाखवणारं, म्हणजे परत यायच्या आधीच तो हलवता येईल. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी दहावीत. मी नाही म्हटलेलं नाही, हो पण म्हटलेलं नाही. रांजणगावकाका आणि सीए साहेब, तुम्ही काय विचाराल त्याला?

---

रांजणगाव_शिफ्ट

मधुराताई, दुखणं खरं आहे. जे आधी संपणार ते आधी बाहेर काढायचं हा नियम आमच्या गोडाऊनला पाळला जातो, माल गेटबाहेर पडला की स्टॉकिस्टच्या माळ्यावर नवीन खोकं पुढे आणि जुनं मागे. अन्नसुरक्षा कायदा २००६चा, पाकिटावर बॅच नंबर सक्तीचा, तरी गेटच्या पुढे तो नंबर फार कमी जण टिपून ठेवतात.

मी एकच विचारेन. ती माहिती भरणार कोण? स्टॉकिस्टचा पोरगा दिवसाला दीड-दोनशे बिलं फाडतो. तो बॅच नंबर टाइप करणार नाही. कॅमेऱ्याने आपोआप टिपला जाणार असेल तर बोला. आणि स्टॉकिस्टला त्यात काय मिळतं? परतीचा माल कंपनी घेतेच, मग त्याने का राबावं? त्याला क्रेडिट नोट (परत केलेल्या मालाचे पैसे वळते करणारा कागद) लवकर मिळणार असेल तर तो एका पायावर तयार होईल.

---

सीए_सदाशिव

नोकरी चालू ठेवून तीन स्टॉकिस्टकडे कागदावर करून बघा म्हणावं. वही, पेन, आठवड्यातून एक फेरी. परतीचा माल खरंच कमी झाला तर आकडा हातात येईल, आणि तो आकडा घेऊन कंपनीच्या मालकासमोर बसता येईल. मात्र आधी नेमणूकपत्र नीट वाचा. नोकरीत असताना त्याच कामाशी संबंधित काही बनवलं तर हक्क कुणाचा, याचं कलम बहुतेक पत्रांत असतं.

---

मेतकूटवाली

चौथी वही माझी. माल तीन दुकानांत ठेवते, भाजणी परत येते तेव्हा वास लागलेला असतो. मला खरंच हवंय हे. महिन्याला दोनशे रुपये देईन, त्याहून जास्त नाही.

---

कोथरूडची_मधुरा

सगळ्यांचे आभार. त्याला धागा वाचायला दिला. क्रेडिट नोटचा मुद्दा वाचून तो उठला आणि थेट एका स्टॉकिस्टला फोन लावला, जेवण गार. मेतकूटताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

त्याचा एक प्रश्न आहे, सहकारनगरींना: सेरिफ कुठे मिळतो?

---

सहकारनगरी

हिंजवडीत हजारांनी आहेत, पण निम्म्यांना हप्ते आहेत आणि उरलेल्यांना स्वतःचंच काहीतरी काढायचंय. पुणे ओपन कॉफी क्लब या नवउद्योजकांच्या गटाच्या भेटीगाठींना त्याने जाऊन बसावं, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या भाऊ इन्स्टिट्यूटमध्येही विचारावं. आणि जाताना स्लाइड नकोत, त्या तीन वह्या घेऊन जावं. कॅमेऱ्याने बॅच नंबर वाचण्याचं मी स्वतः थोडं केलंय. लॅमिनेटवर इंकजेटने छापलेले ठिपक्यांचे आकडे वाचणं वाटतं तेवढं सोपं नाही, सुरकुतीवर आला की ८ आणि ३ एकच. काका, तुमच्या लाइनवरची वेगवेगळी रिकामी पाकिटं मिळतील का? शंभरेक तरी लागतील.

---

रांजणगाव_शिफ्ट

रिजेक्शनची पोतंभर आहेत, पण बाहेर काढायला क्यूएची सही लागते. सोमवारी विचारतो. तोपर्यंत किराणा दुकानातून घ्या, तिथे सुरकुत्याही खऱ्या मिळतील.